कोंड्यासकट

आबांच्या भल्यासाठीच मी घरात लाल तांदूळ आणला, हे आधी सांगून टाकतो. पुढचं ऐकल्यावर ते कुणाला पटेल अशी मला आशा नाही. माझ्या बायकोला, मायाला, तर अजूनही पटलेलं नाही, आणि ती सगळं डोळ्यांनी बघत होती.

आबा म्हणजे माझे वडील, बाबुराव कासारे. वय एक्याऐंशी. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं टर्नर म्हणून काढली. कारखाना आता राहिला नाही, आबा आहेत. वर्तकनगरच्या आमच्या घरात ते दुपारी भात खातात, रात्री भात खातात आणि मधे चारच्या सुमारास "दुपारचा थोडा उरलाय का गं?" असं मायाला हळूच विचारतात. मार्चमध्ये त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात साखर जरा वर दिसली. जराच. आमच्या डॉक्टर मेघनाताई म्हणाल्या, "या वयात एवढं चालतं. भात थोडा कमी करा, बस."

दुसऱ्या एखाद्या मुलानं एक डाव भात कमी वाढला असता. मी विषयाचा अभ्यास केला. विमा कंपनीत तीस वर्षं लोकांचे दावे तपासण्यात गेली, त्यामुळे कुठलीही गोष्ट सरळ मान्य करायची सवय मला उरलेली नाही. त्यात आमची मुलगी कृतिका अन्नशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. ती एकदा बोलता बोलता म्हणाली, की तांदळाचं खरं मोल त्याच्या वरच्या तांबूस थरात, म्हणजे कोंड्यात असतं. फेरुलिक अॅसिड, ओरिझॅनॉल, आणि लाल तांदळात आणखी एक लांबलचक नावाचं काहीतरी; ही सगळी अँटिऑक्सिडंट्स. पॉलिश केलं की ती जातात आणि उरतो तो नुसता पांढरा स्टार्च.

"म्हणजे एवढी वर्षं आपण टरफल टाकून... नाही, उलट, फळ टाकून टरफल खातोय!" मी म्हणालो.

"तसं अगदीच नाही बाबा," कृतिका म्हणाली. "प्रयोगशाळेच्या नळीत जे होतं ते पोटात तसंच होईल असं नसतं. आणि आबांच्या दातांचं काय?"

पण तोवर मी तो शब्द उच्चारायला शिकलो होतो, आणि माणूस एकदा का असा शब्द शिकला की त्याला थांबवणं कठीण. अँटिऑक्सिडंट. मी तो लिफ्टमध्ये वापरला, ऑफिसात वापरला, एकदा रिक्षावाल्यालाही सांगितला. आबांना मी सोपं करून सांगितलं, की शरीराला आतून गंज चढतो आणि हे पदार्थ तो रोखतात.

"गंजाला आम्ही ग्रीस लावायचो," आबा म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

त्या रविवारी मी घरातला सगळा पांढरा तांदूळ बाहेर काढला. माया दारात उभी होती. "त्यांना विचारलंस?" ती म्हणाली. मी म्हणालो, "औषध देताना विचारतात का?"

आधी मी मॉलमधून लाल तांदळाचं पाकीट आणलं. ते लिफ्टमध्ये ओगल्यांनी पाहिलं. प्रशांत ओगले हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावर राहतात, आमच्या बरोबर खाली. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि डॉक्टर एक्स-रे परत देतात तसं परत दिलं. "कासारे, पाकिटातलं हे सगळं रंगवलेलं असतं. खरा माल पाहिजे तर शेतकऱ्याकडून भात घ्या. सालासकट." ठाण्यात सल्ला मागावा लागत नाही, लिफ्ट बंद झाली की मिळतो. पण हा मला पटला.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर धाकू भोईर बसतो. राहणारा बाळकुमचा. त्यांच्या शेतांवर आता तीस मजली टॉवर उभे आहेत, आणि धाकू नोकरी करतो ती केवळ दुपारी डबा खायला चार माणसं मिळावीत म्हणून. खाडीपलीकडे त्याची अजून थोडी खारी जमीन आहे. तिथे त्याची आई ठमाबाई हट्टानं दरवर्षी लाल भात लावून घेते. धाकू मला त्यांच्याकडे घेऊन गेला. नवऱ्याचं नाव दिलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, मोठ्या गॅलरीत, ठमाबाई लाकडी पाटावर बसलेल्या. मी त्यांना कोंड्यातल्या गुणांबद्दल बरंच काही सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"बाला, ह्यो तांदूल आमी पावण्याला कवा दिला नाय. लाज वाटं. पावना आला का शेजारून गोरा तांदूल आनाचा."

"मग लावता कशाला?"

"खारी जमीन. दुसरा काय येतंय तिथं?" मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. "घरान कोन खानार?"

"माझे वडील."

"त्यांनी मागलाय?"

हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला जात होता आणि दोन्ही वेळा बायकांनी विचारला होता. मी विषय बदलला.

तीन पोती भात घरी आलं. भात म्हणजे शिजलेला नव्हे. सालासकट, टोकदार, पिवळट. ते तसं खाता येत नाही, हे मला ठाऊक होतं. ते सोलायचं कुठे, हे मात्र ठाऊक नव्हतं. आमच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं "आमी फक्त दळतो" म्हणून हात जोडले. शेवटी कल्याणजवळ एक भाताची गिरणी सापडली. रजा टाकून, टेम्पो करून, एक पोतं घेऊन मी गेलो. गिरणीवाल्याला मी तीनदा बजावलं, की फक्त वरचं तूस काढा, कोंडा राहू द्या. मशीनच्या आवाजात तो तिन्ही वेळा मान हलवत होता. तासाभरानं पोतं समोर आलं. आत मोगऱ्यासारखा पांढराशुभ्र तांदूळ.

"अहो, हा पांढरा झाला!"

"मग? चांगला झाला ना?" तो अभिमानानं म्हणाला. "लाल ठेवला की गिऱ्हाईक परत आणतं. डबल पॉलिश मारलं."

"आणि कोंडा?"

"कोंडा गिरणीचा. तसा रिवाजच हाय. तबेल्यात जातो."

मी ज्यासाठी महिनाभर वाचन केलं, रजा खर्च केली आणि धाकूच्या आईसमोर व्याख्यान दिलं, ते सगळं फेरुलिक अॅसिड त्या दिवशी कल्याणच्या म्हशींच्या वाट्याला गेलं. त्यांना गंज चढणार नाही.

घरी आल्यावर मी पोतं दारात ठेवलं. आबा खुर्चीतून उठून आले. पोत्याचं तोंड सैल करून त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला, मूठ भरून वर काढली आणि दाणे परत सोडले. पुन्हा मूठ भरली. "काय सुरेख आहे रे," ते म्हणाले. "नवा तांदूळ. वास बघ." त्या महिन्यात ते माझ्याशी पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होते. मी ते पोतं अर्ध्या तासात खाली ओगल्यांना देऊन टाकलं. घरात ठेवलं असतं तर मायानं शिजवलं असतं, याची मला खात्री होती. ओगल्यांनी "उगाच कशाला" म्हणत ते आत ओढून घेतलं. आबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. ते काही बोलले नाहीत, आणि मी ते संमती म्हणून घेतलं.

उरलेल्या दोन पोत्यांसाठी मी धाकूच्या घरचं दगडी उखळ आणि मुसळ आणलं. हातसडीचा तांदूळ हातानंच सडायचा, असा माझा निर्धार. रविवारी सकाळी हॉलमध्ये सतरंजी अंथरून मी सुरुवात केली. दहाव्या घावाला दारावरची बेल वाजली. ओगले टॉवेलवर उभे. त्यांच्या केसांत चुन्याचे पोपडे होते.

"कासारे, आमच्या देव्हाऱ्यात छत पडतंय!"

मंगळवारी मला सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस आली: 'निवासी सदनिकेत विनापरवाना धान्यप्रक्रिया उद्योग चालवण्याबाबत.' मी तिला दोन पानी उत्तर दिलं. त्यात 'उद्योग' या शब्दाची व्याख्या, मुसळाचं वजन आणि माझी तीस वर्षांची निष्कलंक नोकरी यांचा उल्लेख होता. उखळ मी खाली पार्किंगमध्ये नेलं. तिथे वारा आला आणि सगळं तूस एका नव्याकोऱ्या गाडीवर जाऊन बसलं. गाडी खजिनदारांची होती. मग विशेष सभा झाली.

सभेत ओगले उभे राहिले आणि म्हणाले, की कासाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या मोरीतून लाल पाणी येतं. तांदूळ रंगवलेला आहे आणि ते पाणी सगळ्यांच्या पाइपातून जातं. मी म्हणालो, "ओगले, तुमच्या घरी त्याच शेतातला तांदूळ शिजतोय."

"आमचा पांढरा आहे," ते शांतपणे म्हणाले. "पांढऱ्यात काही घातलं तर लगेच दिसतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात माझ्याविरुद्ध वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की या तांदळाच्या शुद्धतेचं आणि त्यातल्या अँटिऑक्सिडंटचं सरकारी प्रमाणपत्र मी आणून दाखवीन.

त्यासाठी मी एका सरकारी प्रयोगशाळेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे केला. पहिलाच रकाना होता, तक्रारीचं स्वरूप.

"तक्रार नाही मॅडम. तांदूळ उत्तम आहे, एवढंच लेखी पाहिजे."

"कुजका आहे? खडे आहेत? भेसळ आहे?"

"नाही, नाही. चांगला आहे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "चांगल्या मालाचा फॉर्म नाही आपल्याकडे. भेसळ लिहा, मग तपासू. विक्रेत्याचा परवाना नंबर लागेल."

मी भेसळ असं लिहिलं. ते लिहिताना मला वाईट वाटलं, पण सभेतल्या टाळ्या कानात होत्या. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी धाकूला परवाना नंबर विचारला. त्यानं कशासाठी म्हणून विचारलं, तेव्हा मी तो फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो वाचला. विक्रेत्याचं नाव: ठमाबाई भोईर. तक्रार: भेसळ.

"माझ्या आईच्या नावावर?" तो म्हणाला. "तुमच्याकडून एक पैसा न घेता तिनं पोती भरून दिली, कासारेसाहेब." त्यानं फॉर्मची नीट घडी केली, माझ्या टेबलावर ठेवली आणि डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर जेवायला गेला. त्यानंतर तो माझ्यासोबत जेवला नाही.

एवढी सगळी किंमत मोजून घरात लाल भात शिजत मात्र होता. मी रोज पहाटे उठून बाल्कनीत, खाली गादी घालून, थोडं थोडं भात सडत होतो. तांदूळ आठ तास भिजवायचा, कुकरच्या सात शिट्ट्या, तरी दाणा दाताखाली ठसठशीत. आबांची कवळी त्याला पुरी पडत नव्हती. मी समोर बसून सांगायचो, "बत्तीस वेळा चावा आबा, म्हणजे गुण अंगी लागतात." फ्रिजवर मी तक्ता लावला. वजन, साखर, खाल्लेला भात. आबांचं वजन अठ्ठावन्नवरून पंचावन्न झालं, मग त्रेपन्न. भाताचं प्रमाण निम्म्यावर आलं. मी ते 'आहारावर नियंत्रण' या सदराखाली नोंदवलं. चार वाजता मायाला हळूच विचारणं बंद झालं, तेही नोंदवलं.

"ते जेवत नाहीयेत," माया म्हणाली.

"मित आहार," मी म्हणालो.

जुलैचा रिपोर्ट आला. साखर अगदी जिथे पाहिजे तिथे. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली पाच ओळींची टिपणी जोडली, आणि ओगल्यांनी चक्क वर केलेला अंगठा पाठवला. सरकारी प्रमाणपत्राची आता गरज नव्हती. माझं प्रमाणपत्र पांढरा सदरा घालून खुर्चीत बसलेलं होतं, थोडं सैल झालेल्या सदऱ्यात.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी आबा विहारात गेले आणि वंदना संपल्यावर बाहेरच्या पायरीवर चक्कर येऊन पडले. लोकांनी त्यांना जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. मी पोचलो तेव्हा हाताला सलाइन होतं आणि मेघनाताई फाइल घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्यापुढे जुलैचा रिपोर्ट धरला.

"साखर बघा ना डॉक्टर, किती छान उतरलीय."

"उपाशी माणसाची उतरणारच," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाले हे धड जेवलेले नाहीत?"

माया माझ्याकडे बघत होती. मी सलाइनच्या थेंबांकडे बघत होतो.

संध्याकाळी आबांना हुशारी आली. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसलो. म्हणालो, "आबा, आवडत नव्हता तर बोलायचं होतं. त्यात किती सत्त्व असतं म्हणून मी..."

"माहीत आहे त्यात काय असतं," आबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "माझी आई गावात खोताकडे भात सडायला जायची. दिवसभर. पांढरा तांदूळ त्यांच्या कणगीत जायचा आणि कोंडा आणि कण्या तिला मजुरी म्हणून मिळायच्या. त्याच आम्ही खाल्ल्या. रोज. तुझं ते सगळं सत्त्व आमच्याच घरात होतं." ते थोडं थांबले. "त्यात एवढं होतं, तर ती पस्तिसाव्या वर्षी का गेली रे?"

त्या क्षणी मी गप्प बसायला हवं होतं. कुणीही गप्प बसलं असतं. मी म्हणालो, "त्याला इतर घटकही कारणीभूत असतात आबा."

आबांनी डोळे मिटले.

तेवढ्यात धाकू आला. इतके दिवस माझ्यासोबत न जेवलेला धाकू नारळपाणी घेऊन आबांना बघायला आला, आणि मला भरून आलं. त्यानं आबांच्या उशाशी बसून विचारपूस केली. आबांनी कौतुकानं त्याला विचारलं, की आमचा राजरत्न ऑफिसात काय खातो, तोही हाच भात नेतो ना डब्यात?

"साहेब ना?" धाकू म्हणाला. "साहेब कुठं डबा आणतात आता! कँटीनची राइसप्लेट. भात दोनदा घेतात. पांढरा, मोकळा असतो आमच्याकडे."

धाकू साधा माणूस आहे. तो मुद्दाम बोलला असं मी म्हणणार नाही. पण ते खरं होतं. घरी मी लाल भाताचे चार घास आबांसमोर चावून दाखवत होतो आणि दुपारी कँटीनमध्ये वरणभातावर तूप मागून घेत होतो, कारण मला साखरेचा त्रास नव्हता, आणि कारण तो लाल भात मलाही गिळवत नव्हता. माया खिडकीशी गेली. आबा माझ्याकडे बघून हसले. बाजारात ओळखीचा दुकानदार वजनात मारताना सापडला की हसतो माणूस, तसं.

माझी बहीण रंभा डोंबिवलीला राहते. नर्सिंग होममधून सोडलं त्या दिवशी ती रिक्षा घेऊन आली. "चार दिवस नेते," म्हणाली. आबांनी पिशवीत चार सदरे भरले आणि मग पाचवा, सहावा भरला, तेव्हा चार दिवसांचा अर्थ माझ्या लक्षात आला.

दोन महिने मी वाट पाहिली. बाल्कनीतल्या दुसऱ्या पोत्याला टोके लागले, सडून ठेवलेल्या तांदळाला खवट वास सुटला. कोंड्यात तेल असतं, त्यामुळे असा तांदूळ लवकर बिघडतो, हे कृतिकानं मला तेव्हा सांगितलं. ओगल्यांची उंदरांबद्दलची नोटीसही आली. मी तिला उत्तर दिलं नाही.

मग एका रविवारी मी डोंबिवलीला गेलो. आबांच्या गालांवर मांस आलेलं. ते गॅलरीत बसून शेजारच्या माणसाशी मिक्सरच्या मोटारीवर बोलत होते आणि मोठ्यानं हसत होते. मला बघून म्हणाले, "ये. उन्हाचा आलास?"

पानं मांडली. कुकर उघडल्यावर पांढऱ्या भाताची वाफ सगळ्या खोलीभर झाली. रंभानं आबांना वाढलं. भाताचा ढीग, मधे वरणाचं आळं, कडेला तळलेले बोंबील. मी वाट काढत काढत विषयाला आलो.

"आबा, घरी कधी येताय? मायानं कोलम आणून ठेवलाय. तुम्हाला हवा तसा, मऊ. मी काही म्हणणार नाही."

"येईन की," आबा म्हणाले. "सवडीनं येईन. इथं बरं चाललंय." ते भात कालवत होते, सावकाश, पाची बोटांनी. "मेघनाबाईंकडे जाऊन आलो गेल्या आठवड्यात. साखर तेवढीच आहे, मार्चमध्ये होती तेवढी. म्हणाल्या, काळजी करू नका."

रंभा भाताचं पातेलं घेऊन माझ्या पानाशी आली. सकाळपासून मी काही खाल्लेलं नव्हतं. तिनं डाव भरला.

"त्याला भात नको वाढू गं," आबा म्हणाले. रागानं नाही, अगदी काळजीच्या आवाजात. "त्याचं त्यात बरंच वाचन आहे. त्याला भाकरी दे."

रंभाचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. मला नुसतं 'वाढ' एवढंच म्हणायचं होतं. माझी बहीण, माझे वडील, एक डाव भात. पण वयाच्या चौपन्नाव्या वर्षी माणसाला स्वतःचा मान राखावा लागतो.

"हो, भाकरीच दे," मी म्हणालो.

भाकरी सकाळची होती. आबांनी पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि सावकाश चावू लागले. मी भाकरी मोडत बसलो.